काळ्या कडेचं पाकीट

१

साल १८८६. त्या वर्षी डाकोटा प्रदेशात बर्फ वितळायला उशीर झाला, आणि वितळलं ते एकदम. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात एल्क लँडिंगच्या ओढ्याला असा लोंढा आला, की ओल्टमान्सच्या गिरणीत गुडघाभर पाणी चढलं. गव्हाची पोती घाईघाईने माळ्यावर चढवली गेली. त्यांच्या भाराने माळ्याची एक फळी मोडली आणि फळीखालून पत्र्याचा एक डबा निघाला.

मंगळवारी सकाळी रेम्ट ओल्टमान्स तो डबा काखेत मारून टपालकचेरीत आला. वीस वर्षांपूर्वी तो जर्मनीच्या फ्रिसियन किनाऱ्यावरून इथे आला, तेव्हा इथे चार झोपड्या आणि बोटीचा धक्का होता. गावाने पहिली गव्हाची भाकरी खाल्ली ती त्याच्या पिठाची. पुढे लाकडाची वखार त्याची झाली, धक्क्यावरचं गोदाम त्याचं झालं. पण चौसष्टाव्या वर्षीसुद्धा तो पिठाने पांढरा झालेला तोच जुना कोट घालून फिरायचा, आणि चर्चमध्ये त्याच्या बाकावर त्याच्या शेजारी कुणी बसलेलं कुणाला आठवत नव्हतं.

टपाल सांभाळायची लुईझा ब्रँट. अडतीस वर्षांची विधवा. तिचा नवरा जमीन मोजणाऱ्यांच्या टोळीत होता. एका हिवाळ्यात तो बर्फात वाट चुकला, तो गेलाच. लुईझाचे आईबाप जर्मन, त्यामुळे गावातल्या जर्मनांची अडलेली पत्रं तीच वाचून द्यायची.

"बाई, दार लावून घ्या," ओल्टमान्स म्हणाला.

त्याने डबा उघडला. आत अकरा पत्रं होती, सगळी त्याच्याच नावाची, आणि एकही उघडलेलं नव्हतं. त्यातली दहा मळकट पांढऱ्या पाकिटांत होती आणि दोऱ्याने एकत्र बांधलेली होती. एक मात्र वेगळं, सर्वांत खाली होतं. त्याच्या पाकिटाला बोटभर रुंद काळी कड होती, आणि त्याच्याभोवती काळी रेशमी फीत वेगळी, नीट गुंडाळलेली होती. लुईझाने पत्रं उलटी करून पाहिली. अकरांपैकी दहांच्या पाठीवर एकाच हाताने लिहिलेलं नाव होतं, टाल्के ओल्टमान्स. काळ्या कडेचं पाकीटही त्या दहांतलंच. उरलेल्या एकावर कोवळ्या, ताठ अक्षरात होतं: फ्राउके ओल्टमान्स.

टाल्के ही त्याची बायको, फ्राउके मुलगी. दोघींना तिकडे ठेवून तो आला होता. गावात सगळ्यांना ठाऊक होतं, की त्याने जहाजाची तिकिटं पाठवली आणि शेवटी बायकोने साधं उत्तरही दिलं नाही.

"मी तिला शेवटचं लिहिलं होतं बहात्तर साली," तो म्हणाला. "येतेस की नाही ते एकदा सांग, मी पुन्हा विचारणार नाही, असं. उत्तर आलं नाही, तेव्हा समजलो. आणि हे बघा."

"उघडली का नाहीत?"

त्याने डब्याचं झाकण लावलं. "आधी नाव हवं. आत काय आहे ते वाचलं, तर नाव ऐकायला माझ्यात माणूस शिल्लक राहील की नाही, सांगता येत नाही. माझ्या छपराखाली दोनच माणसं आहेत. हाब्बो आणि गेशे. शुक्रवारच्या गाडीने मार्शल येणार आहे, टपालाची चोरी म्हणजे तुरुंग. त्याआधी तुम्ही शोधा. दोघांतलं एक जाईल. निदान दुसरं कोण उरतं ते मला कळू द्या."

दारापाशी जाऊन तो थांबला.

"हाब्बोला मी सकाळीच सांगितलंय, शुक्रवारपर्यंत बोचकं बांध म्हणून."

२

पत्रं ज्या काळातली, त्या काळात टपाल सायलस प्रुइटकडे होतं. आता म्हातारा मुलीच्या घरी शेगडीजवळ बसून असायचा. डोळे अधू झाले होते, जीभ मात्र शाबूत. ओल्टमान्सने ओढा वळवला तेव्हा याची बटाट्याची जमीन कोरडी पडली होती, आणि तेव्हापासून तो गिरणीवाल्याला पाण्यात पाहायचा, आणि जर्मन असूनही त्याला 'डच' म्हणायचा.

"आली का चौकशीला?" तो म्हणाला. "त्या डचाची पत्रं मीच खाल्ली, मीठ लावून. लिहून घे."

"प्रुइटकाका, तुम्ही खाल्ली असती तर पचली नसती. हे बघा." तिने एक पाकीट त्याच्या हातात दिलं. "कोपऱ्यात पेन्सिलीचं काहीतरी आहे."

त्याने पाकीट नाकाला लावून पाहिलं. "तारीख. पत्र हातात सोपवलं, की त्या दिवसाची तारीख टाकायची. अकरा वर्षं मी तसं केलं. तू करतेस का?"

"नाही."

"तरीच. म्हणून तुमच्या काळात पत्रं हरवतात."

"कुणाच्या हातात सोपवलं?"

"गिरणीवरचं जे माणूस येईल त्याच्या. सोमवारी गाडीवाले यायचे, शनिवारी बाया यायच्या, मधेच तो डच स्वतः पिठाचे हात घेऊन यायचा. चौदा वर्षांपूर्वी कोण आलं हे विचारशील, तर मला काल काय जेवलो तेही आठवत नाही. मुलगी म्हणते सूप. सूपच असणार, रोज तेच असतं."

आतून भांडं आपटल्याचा आवाज आला.

लुईझा उठली. म्हातारा हळू आवाजात म्हणाला, "एक सांगू? त्या माणसाने दोन वर्षं रोज येऊन विचारलं, काही आहे का म्हणून. आधीचं मिळालं तरी पुढच्यासाठी येतो, असं मला वाटायचं. मी म्हणायचो, नाही. त्याचं तोंड उतरलं की मला बरं वाटायचं. माझी बटाटी गेली होती ना. तुम्हाला पत्र दिलंय, एवढं एक वाक्य मी बोललो असतो तर…"

 ती कचेरीत परतली, तेव्हा प्रुइट तिच्या मनातल्या यादीतून गेला होता. चोर पत्रावर तारीख टाकत नाही.

म्हणजे प्रत्येक पत्र गिरणीपर्यंत पोचलं होतं. ओल्टमान्स म्हणाला तेच खरं. दोघांतलं एक.

३

हाब्बो गिरणीत चिखल उपसत होता. ओल्टमान्सचा हा लांबचा चुलतभाऊ, पंचावन्नच्या आसपासचा, आडव्या अंगाचा. त्याच्या मनगटांवर निळे-काळे ठिपके होते. जात्याच्या दगडाला टाकी लावताना पोलादाचे कण उडून कातडीत रुततात, ते जन्मभर राहतात.

"या, बाई," तो म्हणाला. "चोर इथेच आहे. फार लांब जायला नको."

"तसं मी म्हटलं नाही."

"रेम्टदादाने म्हटलंय. गावानेही ठरवलंय. मृत्युपत्रात गिरणी माझ्या नावाने आहे, बायको-पोर आली असती तर मला काय मिळालं असतं? पिठाची चाळण. माळ्यावर त्या काळी मीच निजायचो. आणखी काय पाहिजे?"

"बहात्तरच्या हिवाळ्यातसुद्धा माळ्यावर निजायचात?"

त्याने फावडं चिखलात रोवलं. "नाही. त्या वर्षी दादाला विषमज्वर झाला. ऑक्टोबर-नोव्हेंबर मी घरात त्याच्या खाटेशी होतो. डॉक्टरने सांगितलं होतं, नुसता धक्का बसला तरी जाईल. बाईमाणसाने आजाऱ्याच्या खोलीत कसं निजायचं, म्हणून गेशे माळ्यावर निजायची." तो पुन्हा चिखल उपसू लागला. "पण त्यानंतर दोन वर्षं मी तिथेच होतो. फळी माझ्या उशाला. सुटका नाही."

"टपाल कोण आणायचं?"

"ज्याला गावात काम असेल तो. मी सोमवारी गाडी घेऊन जायचो. शनिवारी नाही. शनिवारी गिरणी बंद, आणि मी दिवसभर दगडावर पालथा, टाकी लावत. आजही तेच. दादाला जवळचं दिसत नाही, दुसरं कोण करणार?"

लुईझाने डब्याबद्दल विचारलं. तो म्हणाला, "डबा चहाचा आहे. घरात तसले वीस असतील." मग फावडं भिंतीला टेकवून तिच्यासमोर उभा राहिला. "एक सांगतो, पटलं तर बघा. मी पत्रं चोरली असती, तर चुलीत घातली असती. इतकी वर्षं चोरून जपून कोण ठेवतं? जपून ठेवतो तो एक दिवस परत द्यायचं म्हणून ठेवतो."

"हे तुम्ही दादाला सांगितलंत?"

"त्याने विचारलं नाही. नुसतं बोचकं बांध म्हणाला. एकवीस वर्षांचा होतो तेव्हापासून ओळखतो तो मला." तो हसला, पण ते हसू लगेच विरलं. "तुम्ही निर्दोष ठरवलंत, तरी मी जाणार. एवढं त्याला सांगू नका."

४

घरात गेशे पोपिंगाने चहा मांडला. ती साठीला आलेली, उंच, हाडापेराने मोठी. तिकडच्या दलदलीच्या भागातली. तिथे लोक मातीच्या झोपड्यांत राहत, पीट, म्हणजे जळणाची दलदली माती, खणत, आणि शाळा कुणी पाहिलेली नसे. नवरा बोटीवर ताप येऊन गेला, तेव्हापासून ती ओल्टमान्सचं घर सांभाळत होती. दोघं सतरा वर्षं दुपारी याच टेबलाशी समोरासमोर चहाला बसत. गावातल्या बायका त्यावरून काय बोलायच्या, ते लुईझाला ठाऊक होतं. एके काळी तीही बोलली होती.

गेशेने कपात खडीसाखर ठेवली, वरून चहा ओतला. साखर तडतडली. मग सायीचा एक थेंब. ढवळायचं नाही.

"तीन कप घ्यायचे, लुईझा. दोन घेऊन उठलीस तर घराचा अपमान होतो."

"ठाऊक आहे, मावशी."

चुलीवर वाळवलेल्या घेवड्याच्या शेंगा डुकराच्या चरबीत शिजत होत्या. उन्हाळ्यात या शेंगा जाड दोऱ्यात ओवून माळ्यावर टांगतात, आणि वर्षभर खातात. खुंटीवर दोऱ्याचं रीळ लटकत होतं. लुईझाची नजर त्याच्यावर पडली, आणि तिथून फळीवरच्या कपांवर. सहा कप होते. पाच सरळ, एक पालथा.

"तो कप पालथा का?"

"टाल्केचा आहे. त्यांनी तिच्यासाठी घेतला होता. वापरात नाही."

"पहिल्यापासून पालथाच?"

"धूळ बसते," गेशे म्हणाली आणि दुसरा कप ओतला.

"मावशी, गाव म्हणतं, तुम्हाला ओल्टमान्सशी लग्न करायचं होतं."

गेशे चिडली नाही. "गावाला दुसरं काय काम आहे? करायचं असतं तरी कसं करणार? तो माणूस स्वतःला लग्नाचा समजत होता. बायकोने टाकलेला का होईना, पण नवरा. अशा माणसाला कुणी काही बोलतं का?" तिने सायीचं भांडं उगाच इकडून तिकडे सरकवलं. "हाब्बोला खरंच तुरुंगात घालतील?"

"चोरी सिद्ध झाली तर."

"किती वर्षं?"

"मार्शल सांगेल."

गेशेने तिसरा कप ओतायला किटली उचलली, आणि या बाईच्या हातून सतरा वर्षांत पहिल्यांदा चहा बशीत सांडला.

५

कचेरीत परतल्यावर लुईझाने दिवसाउजेडीच डबा पुन्हा उघडला. प्रुइटने त्याच्या काळातली सगळी पंचांगं खिळ्याला अडकवून ठेवली होती. ती तिने खाली काढली.

पहिल्या पत्रावरची तारीख होती १२ ऑक्टोबर १८७२. शनिवार. शेवटच्या पत्रावरची २२ मार्च १८७९. तोही शनिवार. मधली नऊही तिने पाहिली. एकही सोमवार नव्हता.

मग तिने दोरा हातात घेतला. जाड, मेण लावलेला, आणि दर चार बोटांवर गाठ. शेंगा घसरून एकमेकींना लागू नयेत म्हणून ओवताना अशा गाठी मारतात.

एवढ्यावर कुणीही गेशेचं नाव घेतलं असतं आणि वर कारणही जोडलं असतं, की बाईला बायको येऊ द्यायची नव्हती. पण ते कारण लुईझाच्या गळी उतरेना. काळी फीत मधे येत होती. बायकोचा काटा काढायचा असेल, तर तिच्या पत्राला कुणी शोकाची फीत गुंडाळतं का? तिचा कप मेलेल्या माणसाचा म्हणून पालथा घालतं का? फीत गुंडाळणाऱ्याला वाटत होतं, की टाल्के मेली आहे. आणि पाकिटाच्या पाठीवर तर टाल्केचं नाव होतं, तिच्या स्वतःच्या हातचं. मेलेली बाई आपल्या मरणाचं पत्र आपणच लिहीत नाही. ते नाव ज्याने वाचलं, त्याचा असा समज होऊच शकला नसता.

हाब्बो दर रविवारी चर्चमध्ये बायबल वाचायचा. चर्चमध्ये गेशे पुस्तक उघडून धरायची, पण पान उलटताना ती नेहमी शेजारणीकडे पाहून उलटायची. लुईझाने हे शंभरदा पाहिलं होतं आणि कधी त्याचा विचार केला नव्हता.

गेशेच्या गावी घरात पत्र येई ते एकाच कारणासाठी. काळ्या कडेचं. ते आलं, की बाया आधी रडायला लागत, मग पाद्रीला वाचायला बोलावत. पण शहरातल्या, दोन पैसे असलेल्या लोकांची रीत वेगळी. घरात कुणी गेलं, की पुढचं वर्षभर ते सगळी पत्रं काळ्या कडेच्या कागदावर लिहितात. वाण्याला साखर मागायची असली तरी.

लुईझाने पत्रं पुन्हा डब्यात ठेवली. चोर सापडला होता. पण शुक्रवारी मार्शल येणार होता, आणि त्या घरात दोनच माणसं होती.

६

गुरुवारी सकाळी ती गिरणीवर गेली. गेशे माळ्यावर मोडक्या फळीपाशी उभी होती. लुईझाने काळ्या कडेचं पाकीट तिच्यासमोर धरलं, पाठीकडून.

"मावशी, इथे कुणाचं नाव आहे?"

गेशेने पाकिटाकडे पाहिलं आणि मग खाली बसली, पोत्यावर.

"टाल्केच्या भावाचं असेल," ती म्हणाली. "तोच कळवणार ना. मी पाकीट हातात घेतलं तेव्हा मालक तापाने बडबडत होते. डॉक्टर म्हणाला होता, धक्का बसला तर जातील. मी म्हटलं, बरे झाले की देईन. बरे झाले, तर इतके वाळले होते. म्हटलं, नाताळनंतर देईन. नाताळ गेला, वर्ष गेलं, तेवढ्यात दुसरं पत्र आलं. ते दिलं असतं, तर पहिलं कुठे गेलं म्हणून विचारलं असतं. असं करत करत झालं."

"फीत?"

"कुणीतरी शोक पाळायला हवा होता. त्यांना ठाऊक नव्हतं. मग मी पाळला."

"आणि पोर? तिला आई नाही असं तुम्ही समजत होतात. ती पोर बापाला विचारत असेल, असं नाही वाटलं?"

गेशेने एप्रनचं टोक तोंडाला लावलं. "वाटलं. दर पत्राला वाटलं. प्रत्येक वेळी वाटायचं, तिच्या मामाने सांभाळलं असेल. एकदा मी पाद्रीच्या दारापर्यंत गेले होते पत्र घेऊन. पाद्री जेवायला बसले होते. परत आले."

लुईझाने पाकिटावरच्या नावाखाली बोट धरलं. 

"मावशी, हे नाव टाल्केचं आहे. हे तिने लिहिलंय. ती तेव्हा जिवंत होती."

 गेशेने पाकीट हातात घेतलं आणि त्या अक्षरांवरून अंगठा फिरवला, जणू स्पर्शाने तरी कळेल.

"मी जाऊन सांगते," ती म्हणाली. "तू नको. तू फक्त बरोबर चल. वाचायला माणूस लागेल. त्यांना जवळचं दिसत नाही."

७

ओल्टमान्सने सगळं ऐकून घेतलं. हाब्बोलाही बोलावलं होतं. तो दाराला टेकून उभा राहिला, बसला नाही. मग ओल्टमान्सने सुरीने पहिलं पाकीट उघडलं आणि कागद लुईझाकडे सरकवला.

टाल्केने लिहिलं होतं: आई गेल्या रविवारी गेली. तिला अंथरुणात टाकून येता येत नव्हतं, म्हणून इतकी वर्षं तुला नाही म्हणत राहिले, आणि खरं कारण लिहिलं नाही, कारण तुझं तिचं कधी पटलं नाही. आता मी मोकळी आहे. तिकिटं जपून ठेवलीत. तू रागाने लिहिलं होतंस, म्हणून अजून तुझ्या मनात आहे ना, एवढं कळू दे. एकच शब्द लिही, ये. मी निघते.

पुढची नऊ पत्रं एकाहून एक लहान होत गेली. तू रागावलास का. तू बरा आहेस का. फ्राउके आता माझ्याएवढी झाली. त्यांतल्या शेवटच्यात तीनच ओळी होत्या.

अकरावं मुलीचं होतं. आई चार फेब्रुवारीला गेली. तुम्हाला कळवावं असं ती म्हणाली होती, म्हणून कळवते. काळ्या कडेचा कागद या घरच्या शोकाचा असतो, आणि त्यात तुम्ही नाही, तेव्हा हा साधा वापरला आहे.

लुईझाने कागद खाली ठेवला. ओल्टमान्स गेशेकडे पाहत होता.

"म्हणजे चौदा वर्षं तू मला विधुर समजत होतीस."

"हो."

"या टेबलाशी रोज बसून."

"हो."

"आणि कधी एक शब्द बोलली नाहीस."

"काय बोलणार होते?" गेशे म्हणाली. "तुम्ही मोकळे आहात, हे मी सांगायचं? बायको गेल्याची बातमी जिने लपवली, तिने? तुम्ही काय समजला असता ते मला ठाऊक होतं. गाव तेच समजत होतं."

"तुझ्या मनात होतं का ते?"

"होतं," ती म्हणाली. "म्हणूनच तर बोलता येत नव्हतं."

 मग ओल्टमान्सने पहिलं पत्र घडीवर घडी घालून मिटलं.

"एक शब्द मागितला होता तिने. आणि मी कळवून बसलो होतो, की पुन्हा विचारणार नाही. सात वर्षं ती विचारत राहिली आणि सात वर्षं मी माझा शब्द पाळत राहिलो. आमच्याकडे याला बाणेदार माणूस म्हणतात." त्याने हाब्बोकडे मान वळवली. "हाब्बो, मी तुला चोर म्हणालो."

"म्हणालास, दादा."

"थांब इथे. गिरणी तुझी आहे."

"गिरणी असू दे," हाब्बो म्हणाला. "चौतीस वर्षांच्या ओळखीनंतर तू मला विचारलंदेखील नाहीस. नुसतं विचारलं असतंस, तरी मी राहिलो असतो." आणि तो बाहेर गेला.

शुक्रवारी मार्शल आला. लुईझाने त्याला कॉफी दिली आणि पेन्सिलीच्या तारखा दाखवल्या. पत्रं गिरणीच्या माणसाच्या हाती सोपवली, तिथे टपालाचं काम संपलं, ती म्हणाली. पुढचं ते घरचं. मार्शलने ओल्टमान्सला विचारलं, तक्रार आहे का? ओल्टमान्स म्हणाला, आहे, पण ज्याच्याबद्दल आहे त्याला तुम्ही पकडू शकत नाही. मार्शलला ते कळलं नाही. त्याने दुसरा कप कॉफी घेतली आणि गाडी पकडली.

त्यानंतर प्रत्येकाचं काय झालं, ते सांगितलं पाहिजे.

सायलस प्रुइट त्याच वर्षी हिवाळ्यात गेला. जाण्याआधी त्याने ओल्टमान्सला बोलावणं पाठवलं. ओल्टमान्स गेला. दोघं काय बोलले ते मुलीने ऐकलं नाही. ती सूप करत होती.

हाब्बो ऑरेगनला गेला. तिथे त्याने दुसऱ्याच्या गिरणीत दगडाला टाकी लावली आणि पुढे एका विधवेशी लग्न केलं. नाताळला तो ओल्टमान्सला कार्ड पाठवायचा. त्यावर फक्त सही असायची.

ओल्टमान्सने मुलीला लिहिलं, सगळं, काही न लपवता. पाच महिन्यांनी उत्तर आलं. लुईझाने ते पत्र स्वतः चालत नेऊन त्याच्या हातात दिलं. फ्राउकेचं लग्न झालं होतं, एक मुलगा होता. ती येणार नव्हती, आणि तुम्ही या असंही तिने लिहिलं नव्हतं. पण मुलाचं वजन किती, त्याला दात किती आले, हे लिहिलं होतं. पुढे वर्षातून एक पत्र येत राहिलं. ते घ्यायला तो दर शनिवारी स्वतः यायचा, पत्र नसलं तरी. दारात उभा राहायचा, आणि लुईझाने मान हलवली, की टोपी घालून परत जायचा. गिरणी शेवटी परक्यांना विकली गेली.

गेशेला त्याने कधी जा म्हटलं नाही. पण दुसऱ्या दिवसापासून तो चहाला टेबलाशी बसेना. कप उचलून गिरणीत न्यायचा. ती आठ दिवस थांबली, मग लुईझाच्या कचेरीमागच्या खोलीत राहायला आली. तिथे ती शिवणकाम करायची. तिने लुईझाकडे एकच गोष्ट मागितली, मला अक्षरं शिकव. साठीत अक्षर बसायला फार वेळ लागतो. दोन हिवाळे गेले, तेव्हा कुठे तिला दुकानांच्या पाट्या वाचता येऊ लागल्या. ती आणि ओल्टमान्स एकाच गावात आणखी नऊ वर्षं राहिले. रस्त्यात भेटले तर तो टोपीला हात लावायचा.

तो पंच्याण्णव सालच्या मार्चमध्ये गेला. दगडावर काय कोरायचं ते त्याने लिहून ठेवलं होतं. दगड बसला त्या दिवशी लुईझा गेशेबरोबर टेकडीवर गेली. वारा होता. लुईझा वाचून दाखवणार, तोच गेशेने तिच्या हातावर हात ठेवला. मग वाकून, एकेका अक्षराखाली बोट धरून तिने स्वतः वाचलं: रेम्ट ओल्टमान्स. टाल्केचा नवरा.

तिने ते पुन्हा एकदा वाचलं, कुठे चुकलं नाही ना म्हणून.

"बरोबर आहे," ती म्हणाली, आणि टेकडी उतरू लागली.